कायदा आणि शेजारधर्म



सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गांवीं शाळामास्तर होतों. पांचवीच्या वर्गांतला एक हुशार मुलगा रोज बाकावर डोकें टेकून झोपूं लागला. मी त्याच्यावर रागावलों, एकदां छडीही दाखविली. शेवटीं तो हळूच म्हणाला, "गुरुजी, रात्रीं बाबा आईला मारतात. मी जागा असलों म्हणजे कमी मारतात."

त्या बाईला घेऊन मी व माझी पत्नी पोलीस चौकीवर गेलों. अंमलदार म्हणाले, "मास्तर, हा नवराबायकोचा मामला. फार तर दवाखान्याचा दाखला आणा." दवाखान्यांत मलमपट्टी झाली; परंतु दाखल्यासाठीं चौकीचें पत्र मागण्यांत आलें. गांवांतील वडील मंडळींनीं समजुतीच्या चार गोष्टी सांगून दिवेलागणीच्या आंत तिला घरीं पोंचतें केलें. या तिघांपैकीं कोणीही दुष्ट नव्हता. प्रत्येकानें आपापल्या दारापुरता विचार केला, एवढेंच. तीन दारें फिरून ती बाई निघाली होती त्याच दारीं परत आली, आणि त्या मुलाची शाळा त्याच वर्षीं सुटली.

घरांत मार खाणाऱ्या किंवा अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीला दयाळू माणसें मिळत नाहींत असें नाहीं; तीं एकमेकांस जोडलेलीं नसतात. सरकार आणि समाज हे दोन हात एकत्र येण्यास आपल्याकडे किती काळ लागला, याचा थोडा इतिहास आज सांगावा असा विचार आहे.

पहिला हात समाजाचा. १८६३ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. घरांतल्या किंवा नात्यांतल्या पुरुषाच्या वासनेला बळी पडून गरोदर राहिलेल्या विधवेपुढें त्या काळीं दोनच वाटा असत : विहीर, नाहीं तर अर्भकाची हत्या. फुले दांपत्यानें तिसरी वाट उघडली. येथें या, गुप्तपणें बाळंत व्हा, मूल हवें तर न्या, नको तर ठेवून जा. तेथेंच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनीं दत्तक घेतलें. यशवंत हें त्याचें नांव, आणि तो पुढें डॉक्टर झाला. हें कार्य थोर खरें; परंतु त्या घराच्या मागें कायद्याचें बळ नव्हतें. स्त्रीला आसरा मिळे. अत्याचार करणारा मात्र उजळ माथ्यानें वावरे.

दुसरा हात सरकारचा. १८८४ पासून मुंबईचे बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाहाविरुद्ध चळवळ आरंभिली होती. पुढें कलकत्त्यास दहा-अकरा वर्षांच्या एका बालवधूचा पतीच्या अत्याचारानें मृत्यु झाला, त्याचा खटला गाजला, आणि १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा मंजूर झाला. पुण्यांत केवढें वादळ उठलें! परक्या सरकारानें आमच्या घरांत हात घालूं नये, असा लोकमान्य टिळकांचा पक्ष होता, डॉ. भांडारकरांसारखे विद्वान् कायद्याच्या बाजूनें उभे राहिले. कायदा झाला, पण बारा वर्षांची पोर सासरच्या माजघरांतून कचेरीपर्यंत जाणार कोणाच्या सोबतीनें, याचें उत्तर त्या कायद्यांत नव्हतें. समाजानें घर बांधलें तेव्हां कायदा नव्हता. कायदा झाला तेव्हां समाज दार लावून बसला.

आतां स्वतंत्र भारताच्या काळांत येऊं. १९७२ च्या मार्च महिन्यांत, तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथें एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर प्रत्यक्ष पोलीस ठाण्याच्या आवारांत अत्याचार झाला. बाहेर जमाव जमला, तेव्हां कोठें तक्रार नोंदली गेली. सत्र न्यायालयानें १९७४ सालीं आरोपी पोलिसांस निर्दोष सोडलें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांस दोषी ठरविलें. आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सोडून दिलें. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहींत, तिनें प्रतिकार केला नाहीं, असा आधार घेतला गेला. भयानें गोठून जाणें म्हणजे संमति नव्हे, हें शाळेंतल्या कोणाही शिक्षकाला ठाऊक असतें. छडीपुढें गप्प बसलेलें पोर छडीला राजी असतें काय?

१९७९ सालीं उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. त्या पत्रामागून १९८० सालीं मुंबईपासून दिल्लीपर्यंत स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. कोठडींतील अत्याचारांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमति नव्हती असें स्त्रीनें सांगितलें, तर न्यायालयानें तें खरें गृहीत धरावें असें ठरलें. पीडितेचें नांव छापणें हा गुन्हा ठरला; म्हणूनच त्या मुलीचें नांव मी येथें घेत नाहीं. त्याच सालीं ४९८-अ हें कलम आलें, आणि पतीनें वा सासरच्यांनीं केलेला छळ हा घरचा मामला न राहतां गुन्हा झाला.

तरीही चौकीच्या उंबऱ्याचा प्रश्न उरलाच होता. त्याचें उत्तर मुंबईनें दिलें, तें मला या इतिहासांत सर्वांत मोलाचें वाटतें. १९८४ सालीं टाटा सामाजिक विज्ञान संस्था व मुंबई पोलीस यांनीं मिळून पोलीस आयुक्तांच्या कचेरींतच स्त्रिया व मुलांसाठीं विशेष कक्ष उघडला. मर्म कोठें आहे पाहा. खोली पोलिसांची, पण खुर्चीवर बसलेली व्यक्ति समाजकार्य शिकलेली. बाई आली कीं प्रथम तिचें म्हणणें शांतपणें ऐकावयाचें, मग अर्ज लिहावयास मदत करावयाची, ठाण्याला कळवावयाचें, तिचें स्त्रीधन परत मिळवून द्यावयाचें, राहण्याची सोय पाहावयाची. तीन दारें हिंडणारी बाई एका जागीं बसली, आणि दारेंच तिच्याकडे येऊं लागलीं. पुढें राज्य सरकारनें हें काम आपलेंसें केलें व असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले.

हीच युक्ति २००० सालीं दवाखान्यांत आली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत मुंबई महानगरपालिका व 'सेहत' ही संस्था यांनीं 'दिलासा' केंद्र काढलें. जिन्यावरून पडलें, स्टोव्हनें भाजलें, असें सांगणाऱ्या बाईला पडद्याआड नेऊन, नवरा व सासू दूर असतांना, खरें काय तें विचारण्याचें शिक्षण परिचारिकांना व डॉक्टरांना देण्यांत आलें. जखम बांधणारा हात आणि जखमेचें कारण लिहून ठेवणारा हात एकच झाला.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला, तो याच अनुभवावर उभा आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांत संरक्षण अधिकारी आहे, सेवाभावी संस्था आहेत, आश्रयगृह व दवाखाना आहे, आणि या सर्वांना जोडणारा दंडाधिकारी आहे. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी असें त्यांत म्हटलें आहे. नवऱ्याच्या घरांतून तिला हुसकून देतां येत नाहीं. २०१२ च्या दिल्लींतील भीषण घटनेनंतर, २०१३ च्या कायद्यानें पीडितेवर विनामूल्य उपचार करणें सरकारी व खासगी रुग्णालयांस बंधनकारक केलें. अशी तक्रार नोंदविण्यास नकार देणारा पोलीस अधिकारी स्वतःच गुन्हेगार ठरतो. २०१५ पासून 'सखी' केंद्रांत पोलीस, वैद्यकीय, कायद्याची मदत व तात्पुरता निवारा एका छपराखालीं आणण्याची योजना सुरू झाली. १८१ हा दूरध्वनि क्रमांक याच कामासाठीं आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आंकडे बदलले, छळ हा गुन्हा राहिलाच.

परंतु येथें एक इशारा दिला पाहिजे. जोडणें म्हणजे तडजोड घडविणें नव्हे. चार अधिकारी व चार वडीलधारे एकत्र बसले, आणि बाईला बाहेर बसवून त्यांनीं तिचा संसार 'जुळविला', तर तो माझ्या गांवचाच जुना कारभार नव्या कागदावर झाला. तिचें म्हणणें प्रथम, तिची सुरक्षितता प्रथम; बाकीचे सारे तिच्या मागें. आणि ज्या संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर इतर दहा कामांच्या फायली आहेत, त्याच्याकडून तीन दिवसांची अपेक्षा करणें म्हणजे एकाच मास्तरावर चार वर्ग सोंपवून निकालाची वाट पाहण्यासारखें आहे.

आणि शेवटीं आपण, शेजारी. भिंतीपलीकडून आवाज आला कीं आपण रेडिओ मोठा करतों. ती संवय सोडावी. २००५ च्या कायद्याप्रमाणें संरक्षण अधिकाऱ्यास खबर कोणीही देऊं शकतो. सद्हेतूनें दिलेल्या खबरीबद्दल देणाऱ्यावर कसलेंही दायित्व येत नाहीं. मला त्या काळीं चौकी ठाऊक होती, दवाखाना ठाऊक होता. पण त्या दोहोंमधला रस्ता कोणी आंखलेलाच नव्हता. आज तो आंखलेला आहे. त्यावरून चालतांना तिला सोबत करणें एवढेंच आपल्याकडे उरलें आहे.

तो मुलगा आतां पंचेचाळिशींत असेल. माझें हें भाषण त्याच्या कानीं पडलेंच, तर त्यानें या म्हाताऱ्या मास्तरास क्षमा करावी. त्याच्या झोपेचें कारण मीं फार उशिरां विचारलें.