रीया गावातलं चर्च, डिसेंबर १८४२

डिसेंबर १८४२. इंग्लंडच्या उत्तर भागात, कार्लाइल शहराच्या दक्षिणेला असलेल्या रीया या खेड्यात तुम्ही उभे आहात. वारा कानात शिरतो आहे. समोरच्या चर्चच्या भिंती इतक्या नव्या, की छिन्नीच्या खुणा अजून उजळ दिसतात.

देशभर सध्या गॉथिकचं वेड आहे. टोकदार कमानीशिवाय चर्च नाही, असं वास्तुकार प्युजिनसारखे लोक ठासून सांगतात. इथं मात्र सगळ्या कमानी गोल. जुनं चॅपेल मोडकळीला आलं, तेव्हा सारा लॉश या जमीनदारीणबाईंनी नव्याचा खर्च उचलला. अट एकच: आराखड्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही. वास्तुकलेचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नाही. बहीण कॅथरीनबरोबर इटलीत पाहिलेली जुनी चर्चं मात्र त्यांच्या डोळ्यांपुढं आहेत. कॅथरीनला जाऊन सात वर्षं झाली.

दाराशी घाई करू नका. आधी वर, खिडक्यांच्या चौकटी पाहा. पाइनचे शंकू, फुलपाखरं, भुंगेरे आणि, होय, ॲमोनाइट! खडकांत जीवाश्मरूपात सापडणारे हे प्राचीन जीव देवाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर आणायला केवढं धैर्य लागलं असेल. कोरणारा विल्यम हिंडसन गावातल्याच गवंड्याचा मुलगा.

आत शिरा. उजेड कमी आहे, डोळे सरावू द्या. साधा लांबट सभामंडप, पूर्वेला अर्धवर्तुळाकार गाभारा, त्यात खांबांची रांग. हिरव्या संगमरवराची वेदी पितळी गरुडांनी पेलली आहे. तिच्यावरची मेणबत्तीदानं चक्क कमळाच्या आकाराची.

आणि हे बाण? ते चर्चमध्ये ठिकठिकाणी दिसतील. लॉश घराण्याचे स्नेही मेजर थेन याच वर्षी काबूलहून माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेत मारले गेले. मला हे बाण त्यांच्यासाठीच वाटतात. इतर चर्चांत मृतांसाठी भिंतीवर नाव-गावाचा शिलालेख असतो. इथं शोकाला इमारतीतच जागा मिळाली आहे.

बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी या. त्याचं अलाबास्टर साराबाईंनी चुलतभावाच्या साथीनं स्वतः कोरलं. हातमोजा काढा आणि कडेवरून बोट फिरवा.