करवंटीचा कोळसा आणि आजीची शेगडी

परवा धाकट्या बहिणीचा मुलगा घरी आला. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. चहा व्हायच्या आतच त्यानं वही पुढे केली. "मामा, नारळाच्या करवंट्यांपासून जळणाच्या कांड्या करायचं स्वस्तातलं मशीन करायचंय, प्रोजेक्टसाठी. तुम्ही पूर्वी केलं होतं ना?"

केलं होतं, आणि ते सपशेल फसलं होतं. घरात हा विषय सहसा कोणी काढत नाही. आता त्यानंच काढला म्हटल्यावर सगळं नीट सांगावंच म्हटलं.

गोष्ट २०१८ सालची. इथल्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा कचरा त्यांच्या उशाशी येऊन पडत होता, त्यांचं काय चुकलं? मग कचरा टाकायला दुसरी जागा शोधता शोधता मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, लाठीमार असं सगळं झालं. इकडे गल्लोगल्ली ढीग साचलेले. (तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद होतं, छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं.) आमच्या कोपऱ्यावरच्या ढिगात बाकी सगळं कुजत होतं, पण मारुतीच्या देवळातून येणाऱ्या करवंट्या मात्र आठवड्यानंतरही जशाच्या तशा! मराठवाड्यात नारळाचं झाड शोधावं लागतं, पण नारळ फोडण्यात आपण कुणाला हार जाणार नाही. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला रातोरात चालत जाणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल.

एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर काढलेली. हात शिवशिवले. एका मित्राच्या शेडमध्ये करवंट्या भरडल्या, जाड पाइपाचा साचा केला आणि वर ट्रकचा वीस टनी जॅक लावला. कांडी निघाली, चकाचक! हातात धरून घरी आणेपर्यंत भुगा झाली. दुसरी केली, तिचाही भुगा. जास्त दाब दिला तर साचाच तडकला. तिसऱ्या वेळी मी करवंटीऐवजी शहाळ्यांची टरफलं घेतली. त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, हे मला जॅकखालून पिचकारी उडाल्यावर कळलं. असो.

चूक कुठे झाली हे नंतर वाचल्यावर समजलं. लाकडात, भुशात, करवंटीत लिग्निन नावाचं द्रव्य असतं. ते तापलं की मऊ पडतं आणि भुसा एकमेकांना चिकटवतं, निराळा डिंक लागत नाही. पण त्याला नुसता दाब पुरत नाही, उष्णता लागते. साखर कारखान्यांच्या आणि एमआयडीसीच्या बॉयलरमध्ये जो 'पांढरा कोळसा' जळतो, तो याच तत्त्वावर मोठ्या प्रेसमध्ये होतो. भुसा वेगानं, जोरानं दाबताना घर्षणानंच तापतो. दुसरी पद्धत स्क्रूची. त्यात बाहेरून साचा तापवतात, पण भुशामुळे स्क्रू इतका झिजतो की सारखा भरून घ्यावा लागतो. दोन्ही यंत्रं लाखांच्या घरातली. म्हणजे 'स्वस्तातलं मशीन' या वाटेनं होतच नव्हतं.

दुसरी वाट आमच्याच घरात होती आणि मला दिसली नाही, याची खरी चुटपुट आहे.

माझी आजी गुलमंडीजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात शेगडीवर स्वयंपाक करायची. कोळशाच्या पोत्याच्या तळाशी उरलेला चुरा ती टाकत नसे. त्यात शेण आणि थोडी माती कालवायची, लाडवासारखे गोळे वळायची आणि गच्चीवर वाळत घालायची. आम्ही पोरं ते उलटेपालटे करायचो आणि काळ्या हातांनी मार खायचो. लक्षात घ्या, तिला ना जॅक लागला, ना साचा. कारण कोळसा होताना लिग्निन जळून गेलेलं असतं. कोळशाचा चुरा कितीही दाबला तरी आपणहून चिकटत नाही, आणि एकदा खळ घातली की जोरानं दाबायची गरजही उरत नाही. दाब नको, म्हणजे महागडं यंत्र नको. चकलीचा सोऱ्या पुरतो!

हीच गोष्ट पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी उसाच्या पाचटावर करून दाखवली. हे वनस्पतिशास्त्रज्ञ, इरावतीबाई कर्व्यांचे चिरंजीव. त्यांची 'आरती' ही संस्था १९९६ सालची. ऊस तुटल्यावर हेक्टरी साधारण १० टन पाचट शेतात राहतं. गुरं ते खात नाहीत, लवकर कुजत नाही, म्हणून शेतकरी काडी लावून मोकळा होतो. आरतीनं त्या पाचटाचा कोळसा केला, चुऱ्यात खळ मिसळली, कांड्या पाडल्या. या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचा 'सराई' कुकर काही घरांत अजून असेल. मूठभर कांड्यांवर, म्हणजे शंभरेक ग्रॅम कोळशावर, वरण-भात-भाजी शिजते.

इथवर ऐकून भाचा खूश झाला. वहीत त्यानं सोऱ्याचं चित्र काढलं, त्याला मोटर जोडली, वर लिहिलं, 'धूरविरहित इंधन'.

मी म्हटलं, "थांब. धूर गेला कुठे?"

मला या सगळ्या इतिहासात हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. आजीच्या शेगडीला धूर नव्हता, कारण तो आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांत गेला होता. घाटाखाली कातकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबल्या. रात्र रात्र भट्टी राखायची, मातीला भेग पडली की लिंपायची, तो पिवळा धूर छातीत घ्यायचा. शहरातल्या माजघरात मात्र लालबुंद, शांत निखारा. करवंटीचंही तेच. दक्षिणेत इस्त्रीवाले, सोनार तिचा कोळसा आवडीनं वापरत. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत तोच सर्वांत सरस ठरला. तो पुरेना, म्हणून १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया आणि आक्रोडाची टरफलं साठवून द्यायला सांगितलं होतं. गुणी वस्तू, यात शंकाच नाही. पण शंभर किलो करवंट्यांचा कोळसा होतो जेमतेम पंचवीस-तीस किलो. बाकीचं वजन पाणी, डांबर आणि वायू होऊन उडून जातं. उघड्या ड्रममध्ये कोळसा केला तर ते सगळं शेजाऱ्यांच्या खिडकीत.

आरतीच्या कामात मला खरी कमाल वाटते ती इथे. त्यांच्या भट्टीत पाचट बंद डब्यांत भरून बाहेरून तापवतात. आतून निघणारा वायू हवेत न सोडता खालच्या जाळात आणतात आणि तिथेच जाळतात. एकदा वायू सुटू लागला की भट्टी स्वतःच्याच धुरावर तापते. सगळे लोक कांडीचं कौतुक करतात, मला ती भट्टी मोठी वाटते.

आणि एक. 'धूरविरहित' हा शब्द मी त्याला खोडायला लावला. कोळशाला धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो, तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. आमची आत्या लहानपणी थंडीत शेगडी न्हाणीघरात घेऊन गेली, दार लावलं आणि बेशुद्ध पडली. आजीनं दार तोडायला लावलं म्हणून वाचली. (आत्या, हे वाचत असशील तर रागावू नकोस. तूच शंभर वेळा सांगितलंयस.) त्यानंतर आजी कडाक्याच्या थंडीतही शेगडीजवळची खिडकी उघडी ठेवायची. ज्या घरात ही कांडी जाईल तिथे एकच खोली असेल, पावसाळ्यात दार लावलेलं असेल. वेष्टनावर पहिली ओळ खिडकीची हवी.

भाच्यानं बराच वेळ पेन चावलं. मग सोऱ्याचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर एक ड्रम काढला. त्याच्या आत दुसरा, झाकणबंद. आतल्यातून एक पाइप निघून खाली जाळात. "पाइपात डांबर तुंबेल ना, मामा?" त्यानं विचारलं. तुंबेल. म्हणून पाइप आखूड आणि रुंद ठेवायचा, आणि झाकण असं बसवायचं की आत कोंडलं तर उचललं जाईल, फुटणार नाही. हा प्रश्न त्याचा त्याला सुचला, बरं वाटलं.

रविवारी जुन्या बाजारातून दोन ड्रम आणलेत. एकात पूर्वी कसलं तरी रसायन होतं, तो परत केला. भट्टी मित्राच्या शेतात लावणार आहोत, वस्तीपासून लांब. खळीसाठी शिळ्या भाताची पेज चालते का ते बघायचंय. सोऱ्याचं मात्र अडलंय. सौ. म्हणते, पितळी सोऱ्या तिच्या आईचा आहे, कोळशाला मिळणार नाही.