हातोडीची विद्या

ज्ञातिबंधूंनो, लोखंडाच्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या आपल्या समाजातील तरुणांस अलीकडे ऐरणीचा संकोच वाटू लागला आहे, हे पाहून आम्हांस खेद होतो. म्हणून न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो (१८९९–१९७८) यांची हकिकत येथे देत आहोत.

मन्रो यांनी १९२० साली ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल घेतली. नाव इंडियन, कारखाना मात्र अमेरिकेतला. तिचा मूळ वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. तो वाढवावा तर पैसा बेताचा. तेव्हा इन्व्हरकार्गिल येथील आपल्या शेडमध्ये ते स्वतःच सुटे भाग घडवू लागले. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत ओतकाम केले. ट्रॅक्टरच्या आसाचे पोलाद घासून पिस्टनचे दांडे केले. सूक्ष्म मापासाठी साधन काय, तर चाकाची जुनी तार! ६०० सी.सी.चे इंजिन अखेर ९५० सी.सी.चे झाले. फुटलेले भाग त्यांनी लपविले नाहीत. वेगदेवतेचा नैवेद्य म्हणून फळीवर मांडले.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर हजार सी.सी.खालील वर्गात त्यांनी ताशी सुमारे २९६ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. गाडीचे वय होते ४७ वर्षे!

आपल्या मुलांनी इंजिनियरीची पदवी अवश्य मिळवावी. परंतु वडिलांची कानस अडगळीत टाकू नये, एवढीच आमची विनंती आहे.