कामगार कपात भरपाईवरील आयकर सवलत (भारत)
कामगार कपातीमुळे नोकरी गेलेल्या कामगारास मालकाकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईस २०२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१०बी) अन्वये मर्यादित करमाफी देण्यात आली होती. पुढील तीन रकमांपैकी सर्वांत कमी रक्कम करमुक्त ठरत असे:

* प्रत्यक्ष मिळालेली भरपाई
* २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५एफ नुसार सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन (सहा महिन्यांहून अधिक काळ हे पूर्ण वर्ष धरले जात असे)
* केंद्र सरकारने अधिसूचित केलेली मर्यादा, म्हणजे ५ लाख रुपये

'''उदाहरण''': दररोज १,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराची २० वर्षांची सेवा झाली असल्यास दुसरी रक्कम ३ लाख रुपये होत असे. त्याला ४.५ लाख रुपये मिळाले, तर उरलेले १.५ लाख रुपये वेतन म्हणून करपात्र ठरत. अटी पूर्ण होत असल्यास त्यांवर कलम ८९ खाली दिलासा मागता येत असे.

'''मर्यादा''': ही करमाफी केवळ कायद्याच्या व्याख्येतील कामगारांस मिळत असे, व्यवस्थापकीय पदांवरील कर्मचारी तीत येत नसत. ५ लाख रुपयांची मर्यादा १ जानेवारी १९९७ पासूनच्या कपातीस लागू झाली. त्यानंतर वेतनमान बरेच वाढल्याने दीर्घ सेवा झालेल्या कामगारांच्या भरपाईचा काही भाग कराच्या कक्षेत येऊ शकत असे. केंद्र सरकारने मान्य केलेल्या विशेष योजनेखालील भरपाईस मात्र या मर्यादा लागू होत नसत.