अनपेक्षित कंस

अकोल्याचा माणूस पुण्यात म्हणाला, ‘तो जेवून राह्यला’, तर ऐकणाऱ्याला वाटेल, गडी जेवून मुक्कामालाच थांबला. वऱ्हाडात मात्र त्याचं जेवण अजून चालू आहे. शब्द तेच, व्याकरण वेगळं.

लिनक्सवर नवख्याचं असंच होतं. अमरावती विद्यापीठाचा निकाल दोनदा डाउनलोड झाला की दुसऱ्या फाइलच्या नावात ‘(1)’ येतं. ती जादाची प्रत पुसायला ‘आरएम निकाल (1)’ लिहिलं की उत्तर येतं: सिंटॅक्स एरर, अनपेक्षित टोकन ‘(’. आपल्याला कंस म्हणजे नावाचा भाग, शेलला व्याकरणाचं चिन्ह. कंसातल्या कमांडी तो वेगळ्या उपशेलमध्ये चालवतो.

हे व्याकरण जुनं आहे. 1971 च्या युनिक्समधला ‘एड’ हा एडिटर तर कुठल्याही चुकीला नुसतं ‘?’ म्हणायचा. चौकशीच्या खिडकीतसुद्धा याहून जास्त बोलतात! 1979 मध्ये स्टीफन बॉर्नचा शेल आला. बॉर्नवर अल्गॉल 68 चा संस्कार. म्हणून ‘इफ’ उलटा होऊन ‘एफआय’नं संपतो. ‘डीओ’ उलटा केला तर ‘ओडी’, पण त्या नावाची कमांड आधीच होती, म्हणून तिथं ‘डन’ आलं.

ब्रायन फॉक्सचा 1989 चा बॅश याच वाटेचा. चूक कुठं झाली हे त्याला कळत नाही. डावीकडून वाचताना आपण कुठं अडलो, तेवढंच तो सांगतो. अवतरणचिन्ह विसरलं पाचव्या ओळीत, तक्रार येऊ शकते पार पुढच्या ओळीवर. ‘कमांड नॉट फाउंड’चं प्रकरण निराळं: वाक्य बरोबर, शब्दच अनोळखी.

निकालाच्या फाइलचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका, कंस मुकाट्यानं नावात बसतो.