अनामिक चित्राचें मोल

अमूर्त चित्र विक्रीस आलें म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतूनहि दोन प्रश्न हटकून विचारले जातात. या चित्रांत आहे तरी काय, हा पहिला. आणि ज्यांत कांहींच ओळखूं येत नाहीं त्यास एवढें मोल कां, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ते एका दमांत विचारल्यानें एकाचें उत्तर दुसऱ्यास चिकटतें, आणि किंमतीवरून चित्राची थोरवी ठरविण्याची खोड जडते. ही गांठ सोडविण्यास चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे यांचें चरित्र फार उपयोगी पडतें.

गायतोंडे यांचें घराणें गोव्याचें. १९२४ सालीं त्यांचा जन्म नागपुरास झाला, आणि पुढें ते गिरगांवांतील चाळींत वाढले. १९४८ मध्यें त्यांनीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका मिळविली. आरंभीं ते मनुष्याकृति काढीत. भारतीय लघुचित्रें आणि पाउल क्ले यांची कृति अभ्यासतां अभ्यासतां त्यांच्या चित्रांतून आकृति हळूहळू गळत गेली व रंग तेवढा उरला. १९५७ मध्यें तोकियो येथें तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांस पारितोषिक लाभलें.

१९६४ मध्यें रॉकफेलर शिष्यवृत्ति घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या नगरींत पोलॉक, रॉथ्को आदि चित्रकारांनीं अमूर्त अभिव्यक्तिवादाचा पंथ रूढ केला होता. तथापि गायतोंडे यांस त्या पंथाचे अनुयायी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. आकृतीचा त्याग ते मायदेशींच करून चुकले होते. पोलॉक जमिनीवर पसरलेल्या कापडावर रंग शिंपीत असे, आणि त्याच्या चित्रांत हाताचा वेग दिसतो. गायतोंडे यांच्या चित्रांत थांबणें दिसतें. रूळ व सुरी यांनीं तैलरंगाचे थर द्यावे, कागदानें रंग उचलावा, आणि पुन्हा वाट पाहावी, असा त्यांचा क्रम होता. आजचे ॲक्रिलिक रंग पाण्यानें पातळ होतात व लौकर वाळतात; तैलरंगास मात्र धीर लागतो. वर्षाकाठीं पांच-सहा चित्रें, एवढेंच त्यांचें पीक. ‘अमूर्त’ हा शब्दहि त्यांस रुचत नसे. आपलीं चित्रें वस्तुनिरपेक्ष आहेत, असें ते मानीत.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. देवगडच्या किल्ल्यावरून भर पावसाळ्यांत समुद्राकडे पाहणाऱ्यास पाणी कोठें संपलें व आभाळ कोठें लागलें, हें सांगतां येत नाहीं. तरी ‘यांत काय आहे?’ असें तो विचारीत नाहीं. तो पाहत राहतो. हीं चित्रें म्हणजे समुद्राचीं दृश्यें नव्हेत. पण तीं पाहण्याची रीत तीच आहे.

आतां मोलाकडे वळूं. गायतोंडे १९७२ मध्यें दिल्लीस जाऊन राहिले व २००१ मध्यें निवर्तले. त्यानंतर २०१३ सालीं मुंबईच्या लिलांवांत त्यांचें १९७९ चें एक चित्र सुमारें २३.७ कोटि रुपयांस गेलें. २०१५ मध्यें दुसरें एक २९ कोटींवर गेलें. दोन्ही चित्रें विनानांवाचीं. १९७९ आणि २०१३ यांच्या दरम्यान त्या कापडावर रंगाचा एक ठिपकाहि वाढला नव्हता. वाढली ती धनिकांची स्पर्धा; आणि मुळांत चित्रें थोडीं असल्यानें तिला धार चढली. असल्या पुनर्विक्रींत दहा हजार रुपयांहून अधिक किंमत आल्यास मूळ कर्त्यास अगर त्याच्या वारसांस शेंकडा दहापर्यंत वांटा द्यावा, अशी तरतूद १९९४ च्या दुरुस्तीनें आपल्या कॉपीराइट कायद्यांत आली. निर्मिति एकाची व नफा दुसऱ्याचा, ही विसंगति कायद्यासहि मान्य करावी लागली, असाच याचा अर्थ.

तेव्हां किंमत बाजाराची वार्ता सांगते, चित्राची नव्हे. विक्रीस ठेवलेलें एखाद्या अपरिचित चित्रकाराचें अमूर्त चित्र समोर आलें, तर आधीं किंमतीच्या चिठ्ठीवरून दृष्टि काढावी व चित्रासमोर घटकाभर उभें राहावें. मन तेथें रमलें, तर ऐपतीप्रमाणें घेण्यास हरकत नाहीं. न रमलें, तर कोटींचा आंकडाहि त्याची भरपाई करणार नाहीं. पाहण्यास दाम लागत नाहीं. लागतो तो वेळ, आणि तो देणें बहुतेकांच्या हातीं असतें.