तालीम आणि वस्ताद

कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या काठीं वसलेला बारामती-इंदापूरचा मुलूख इतिहासाला चांगला परिचित आहे. सुपें आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरींत होते. मालोजीराजांचा अंत इंदापुरास झाला असें परंपरा सांगते. मोरोपंतांची काव्यरचना बहरली ती बारामतीस. तलवार आणि लेखणी या दोहोंचें स्मरण या भूमीनें असें जतन केलें आहे. परंतु त्यांच्याइतकीच जुनी अशी तिसरी एक परंपरा येथें नांदली, तिचा उल्लेख ग्रंथांत क्वचितच आढळतो. ती म्हणजे गांवोगांवची तालीम. मारुतीच्या देवळालगतची ती बुटकी, अंधारी इमारत, मध्यें लाल मातीचा हौदा, आणि दार बहुधा इतकें ठेंगणें कीं, आंत जाणारास मान लववावीच लागे.

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे फारसी ‘उस्ताद’, अर्थात् गुरु. तेव्हां तालीम ही नांवापासूनच शाळा आहे. मात्र इतर शाळांहून तिच्यांत एक मोठा फरक आहे. पंतोजीनें चुकीचें शिकविलें तर अक्षर बिघडेल; वस्तादानें चुकीचें शिकविलें तर मान मोडेल. बाप आपला वाढत्या वयाचा मुलगा त्याच्या स्वाधीन करतो आणि आंत काय चालतें हें त्याला बाहेरून कळत नाहीं. या विश्वासाला वस्ताद कितपत जागला, हीच तालमीच्या इतिहासांतील खरी कसोटी होय.

पहिली कसोटी दाराशींच लागे. दार कोणाला उघडें? पेशवाई बुडाल्यानंतरच्या काळांत पुण्याच्या गंज पेठेंत लहुजी साळवे यांची तालीम नांवारूपास आली. लहुजी मांग समाजांतले. ज्यांची सावलीहि टाळली जात असे, अशांपैकीं एक. तरीहि दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी शिकण्यास त्यांच्याकडे सर्व थरांतील तरुण येत. जोतीराव फुले व वासुदेव बळवंत फडके यांची गणना त्यांच्या शिष्यांत होते. बाहेर जो अस्पृश्य, तो आंत गुरु, ही गोष्ट त्या काळीं सामान्य नव्हती. पुढें फुल्यांनीं शाळा काढल्या तेव्हां लहुजी त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. अंगीं कमावलेल्या बळाचा उपयोग कोठें करावा, हाहि धडा त्या तालमीनें घालून दिला.

दुसरी कसोटी विद्येच्या मालकीची. एखादा डाव राखून ठेवावा, तो शिष्यासहि सांगूं नये, अशी वृत्ति पुष्कळ वस्तादांत असे. बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांचा मार्ग वेगळा. त्यांनीं आपल्या संस्थेला आपलें नव्हे, तर आपले गुरु जुम्मादादा यांचें नांव दिलें. शेंकडों मुलांना एका वेळीं शिकतां यावें म्हणून संघव्यायामाची पद्धति बसविली. हाडवैद्यकांतहि त्यांचा लौकिक मोठा होता. जो हात डाव शिकवितो त्याच हातानें उतरलेला सांधा बसवावा, अशी ही जबाबदारीची कल्पना होती. अमरावतीस 1914 सालीं वैद्य बंधूंनीं सुरू केलेली हनुमान व्यायामशाळा याच वाटेनें वाढली, आणि 1936 सालीं तिच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण, ती पैशाची. तिचें स्वरूप पाहावें तें गांवच्या जत्रेंत. दुपार कलली कीं हलगी कडाडूं लागते. प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग चढत्या इनामाच्या. शेवटीं मोठ्या जोडी. या फडांत वस्तादाचें मुख्य काम डाव सांगण्याचें नसून जोड ठरविण्याचें असतें. इनाम मोठें दिसतें, गांवकरी आग्रह करतात, पोरगाहि मांडी ठोकून तयार असतो. परंतु समोरचा मल्ल वजनानें आणि मेहनतीनें भारी आहे हें एकट्या वस्तादाला दिसत असतें. त्या वेळीं “ही जोड होणार नाहीं” असें म्हणण्यास जें धैर्य लागतें, तें आखाड्यांत उतरण्याच्या धैर्याहून कमी नव्हे. त्याहून मोठा मोह नुरा कुस्तीचा. दोघांनीं आधींच संगनमत करावें, प्रेक्षकांना झुलवावें आणि इनाम वांटून घ्यावें. यांत कोणाचें हाड मोडत नाहीं. मोडतो तो शिष्याचा स्वभाव. एकदां हरण्याचे पैसे घेतलेल्या पोराला जिंकण्याची किंमत पुन्हां कळत नाहीं.

पैसा नेहमींच वाईट असतो असेंहि नव्हे. राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत मल्लांना उदार आश्रय दिला. 1912 सालीं तेथें खासबाग मैदान उभें राहिलें. त्याच नगरींत 1952 सालीं खाशाबा जाधवांना हेलसिंकीस धाडण्यासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिष्यावर पैसा मिळविणारे पुष्कळ असतात. शिष्यासाठीं घर पणाला लावणारा विरळा.

बारामती-इंदापूरकडेहि पैसा आला, तो पाण्याच्या वाटेनें. 1885 सालीं नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. दुष्काळी रानांत ऊंस उभा राहिला आणि मागाहून साखर कारखाने आले. मल्लाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, जो पूर्वीं सुखवस्तु घरालाच परवडे, तो बागाईत शेतकऱ्याच्याहि आवांक्यांत आला. 1953 सालीं कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, 1961 पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरूं लागली. आज मातीशेजारीं मॅट अंथरलेली असते; फी घेऊन मुलांना ठेवून घेणारीं कुस्ती केंद्रें निघालीं आहेत; मुलीहि लांग बांधून उतरतात.

फी घेण्यांत अधर्म नाहीं. वस्तादालाहि संसार असतो. परंतु लवकर अंग भरावें म्हणून पोराला उत्तेजक औषध टोचणारा, अगर त्याचें वय लपविणारा, जुन्या नुरा कुस्तीचाच वारसदार होय. 2023 सालीं लैंगिक छळाच्या तक्रारींची दाद मागत महिला मल्ल दिल्लीस जंतरमंतरवर बसल्या, तेव्हां तर मूळ प्रश्नच देशापुढें आला. ज्याच्या भरंवशावर लेकरें घराबाहेर पाठवावींत, त्याच्यावर नजर कोणी ठेवावी?

जुन्या गांवांत ती नजर गांवाची असे. वस्ताद देवळाच्या ओट्यावर सर्वांदेखत बसे. त्याचा शब्द, त्याचा व्यवहार, त्याचें वर्तन चार माणसांच्या डोळ्यांसमोर राही. ती व्यवस्था निर्दोष नव्हती. पुष्कळांना तिनें दारांतच अडविलें. परंतु तालमीचें दार उघडें असावें आणि आंत काय चालतें तें दिसावें, एवढी तिची शिकवण आजहि खरी आहे. त्या ठेंगण्या दारांत मान लववावी लागे ती शिष्याला, तशीच वस्तादालाहि.